गणपतराव हरले होते, तेही दोनदा

गणपतराव देशमुखांची पुण्यतिथी आली, किंवा निवडणूक लागली, की एक मेसेज न चुकता फिरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून सलग 11 वेळा आमदार, आयुष्यात पराभव नाही, 55 वर्षं विधानसभेत, मंत्रिपदाला कधी शिवले नाहीत, आणि एकाच मतदारसंघातून सर्वाधिक विजयांचा देशातला विक्रम. आबासाहेब (गणपतरावांना सगळे असंच म्हणत) मोठा माणूस, यात वाद नाही. पण या मेसेजमधला 11 हा आकडा सोडला तर बाकी एकही गोष्ट धड नाही.

'सलग'पासूनच बघू. शेकापकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून, ते 1962 आणि 1967 ला जिंकले. 1972 ला पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग 1978, 1980, 1985, 1990. 1995 ला पुन्हा पडले, काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून, 192 मतांनी. 192! दोन-चार वस्त्यांवरची मतं. त्यानंतर 1999, 2004, 2009, 2014. म्हणजे 13 लढती, 11 विजय, 2 पराभव, आणि ओळीने जिंकलेल्या निवडणुका जास्तीत जास्त पाच. साठी कधीच उलटून गेलेला माणूस इतक्या थोडक्यात पडल्यावर घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. हा गडी परत उभा राहिला आणि पुढच्या चारही निवडणुका काढल्या. पराभव पुसले की ही गोष्टही जाते, हे मेसेजवाल्यांच्या लक्षात येत नाही.

55 वर्षांचा हिशेब तर पाटीवर मांडता येतो. 1962 ते 1972 दहा वर्षं, 1974 ते 1995 फार तर एकवीस, 1999 ते 2019 वीस. झाली एक्कावन्न. वरची चार कुठून आली, ज्याने टाईप केलं त्याला विचारा.

देशातला विक्रम? केरळात पाला नावाचा मतदारसंघ आहे. तिथून के. एम. मणी 1965 ते 2016 या काळात 13 वेळा निवडून आले, आणि तिथे ते खरोखरच कधी हरले नाहीत. पुथुपल्लीतून ओमन चंडी 12 वेळा, 1970 पासून ओळीने. करुणानिधींचे विजयही 13, पण मतदारसंघ वेगवेगळे, म्हणून ते या हिशेबात बसत नाहीत.

मंत्रिपदाचं एका ओळीत: 1978 ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. बाकीचा बहुतेक काळ विरोधी बाकांवर, हे मात्र खरं.

या मेसेजला हल्ली एक शेपूटही जोडलेलं असतं: सांगोला म्हणजे शेकापचा बालेकिल्ला, तिथे दगड उभा केला तरी निवडून येतो. असं लिहिणाऱ्याने सांगोला पाहिलेला नसावा. हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी नकाशावर ठसठशीत दिसते, पुलावर उभं राहिलं की वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू. डाळिंब पिकतं, पण पाण्याची वाट बघतच. कृष्णेचं पाणी इकडे आपसूक येत नाही, कराडजवळ टेंभूला ते उचलावं लागतं आणि टप्प्याटप्प्याने चढवत आणावं लागतं. त्या पाण्यासाठी 1993 पासून आटपाडीत तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली, नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आबासाहेब तिच्यात पुढे होते. आणि दोनच वर्षांनी याच तालुक्याने त्यांना पाडलं. डोळे झाकून मत देणारी माणसं असं करत नाहीत.

पुढचंही बघा. 2019 ला आबासाहेब उभे नव्हते, तरी 'शेवटी 768 मतांनी हरले' असं कुणीकुणी लिहितं. हरले ते नातू अनिकेत, तेही त्याच शहाजीबापूंकडून. बापू तेव्हा शिवसेनेत होते. 2022 ला गुवाहाटीहून 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' म्हणत ते महाराष्ट्रभर गाजले. दुसरा कुणी असता तर एवढ्या प्रसिद्धीवर एक निवडणूक सहज निघाली असती. 2024 ला दुसरे नातू, बाबासाहेब, यांनी त्यांना 25 हजारांहून जास्त मतांनी हरवलं. 192, 768, 25 हजार: बालेकिल्ल्याची भिंत दर वेळी वेगळ्या जागी!

शिवाय 'एकच मतदारसंघ' म्हणताना थोडं जपून. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत सांगोला तालुक्याला पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ जोडलं गेलं. नाव तेच राहिलं, पण शेवटच्या दोन निवडणुकांत आबासाहेबांना ज्यांनी मतं दिली त्यात पंढरपूरकडची गावंही होती.

हे सगळं मी आमच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं: "बापूकडं कधी गेला म्हणायचं?"