व्यवस्थापकाची टोपी

बढती झाली म्हणे तुमची. अभिनंदन! आता नावाखाली 'व्यवस्थापक' असं छापून येईल, मागे रेलणारी खुर्ची मिळेल, आणि एखाद्या दुपारी, जेवून नुकतेच टेकलेले असताना, समोर एक कागद येईल. सही केली तर कुणा अनोळखी माणसाला त्रास, नाही केली तर तुम्हाला. अशा वेळी सदसद्विवेक वगैरे जुन्या वस्तू शोधत बसू नका. ही वाट तुमच्याआधी पुष्कळ मोठ्या लोकांनी मळवून ठेवली आहे, तुम्ही नुसतं चालायचं.

पहिली गोष्ट, निर्णय घ्यायचा नसतो. तो घेतला जातो. शाळेत कर्मणी प्रयोग शिकताना 'याचा पुढे काय उपयोग' असं वाटलं असेल, तर तो उपयोग इथे आहे. 'मी मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं झाकण, काढायला सांगितला' हे वाक्य माणसाला गोत्यात आणतं. 'उत्पादनाच्या गरजेनुसार गार्ड काढण्यात आला' यात माणूसच नाही, मग गोत्यात येणार कोण?

हे मी ऐकीव सांगत नाही. एका कारखान्यात काही वर्षं बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. तिथल्या एका प्रेस मशीनचा गार्ड उघडला की मशीन आपोआप थांबायचं. त्यासाठीच तिथे स्विच बसवलेला. पण सारखं थांबायचं म्हणजे पाळीमागे नग कमी निघणार, म्हणून कुणीतरी काळी टेप गुंडाळून तो स्विच कायमचा दाबून ठेवला. कुणी, ते अजून कुणाला माहीत नाही. बैठकीत एक नवी इंजिनिअर मुलगी म्हणाली, "अशाने कुणाचा तरी हात जाईल." मी तसंच लिहिलं. साहेबांनी मसुदा परत पाठवला. दुसऱ्या खेपेला त्याचं 'इजेची शक्यता व्यक्त करण्यात आली' असं झालं. तिसऱ्या खेपेला 'सुरक्षाविषयक निरीक्षण नोंदवण्यात आले'. चौथ्या खेपेला साहेबांना काही सांगावंच लागलं नाही, 'इतर विषयांवर चर्चा झाली' हे मी आपणहून लिहून टाकलं. पुढच्या महिन्याच्या इतिवृत्तात एक बोट आलं. ते मात्र पहिल्याच मसुद्यात बिनचूक उतरलं: उजवा हात, तर्जनी, वरची दोन पेरं. विमा कंपनीला मोघम लिहिलेलं चालत नाही.

दुसरं, आकडा नेहमी उसना आणावा. याबाबतीत फोर्डचा 1973 सालचा एक अंतर्गत कागद अभ्यासण्यासारखा आहे. बहुतेकांना त्याची गोष्ट अर्धवट ठाऊक असते: पिंटो गाडी, पेट घेणारी टाकी, आणि कंपनीने माणसाच्या जिवाची लावलेली किंमत. खरा कागद याहून सुरेख आहे. तो एकट्या पिंटोबद्दल नव्हताच. अमेरिकेतल्या एकूण गाड्या उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीबद्दल होता आणि सरकारच्या प्रस्तावित नियमाचं गणित मांडत होता. गाडीमागे 11 डॉलर, गाड्या सव्वा कोटी, म्हणजे खर्च सुमारे 13 कोटी 70 लाख डॉलर. समोरच्या रकान्यात 180 मृत्यू, 180 भाजलेले, 2,100 जळलेल्या गाड्या. हे सगळं टळलं तर वाचणार 4 कोटी 95 लाख. वजाबाकी कुणालाही येते. पण माणसामागे दोन लाख डॉलर ही किंमत फोर्डची नव्हती बरं का! ती सरकारच्याच वाहतूक-सुरक्षा खात्याने 1972 मध्ये काढून ठेवली होती. त्या हिशेबात मेलेल्याने सोसलेल्या वेदनांचे 10,000 डॉलर धरले होते आणि अंत्यविधीचे 900. म्हणजे खात्याने आकडा दिला, कंपनीतल्या दोघांनी गुणाकार केला, बाकीच्यांनी उत्तर वाचलं. माणसाची किंमत केली असं यातल्या कुणाकडे बोट दाखवून म्हणता येईल का? हेच तर कसब आहे.

पाठीशी एखादा थोर विचारवंतही असू द्या. 13 सप्टेंबर 1970 च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकात अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिलं की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, नफा वाढवणं. वाचन इथेच थांबवा. कायदा आणि समाजाचे नैतिक संकेत पाळून, फसवणूक न करता, अशीही एक शेपटी त्या लेखात आहे. तिने सगळा विरस होतो.

आचारसंहिता मात्र हवीच, आणि जाडजूड हवी. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीची 64 पानांची होती. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता असे चार खांब. 2001 च्या डिसेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं तेव्हापासून लोक त्या चार शब्दांना हसत आले आहेत. हसणाऱ्यांना त्यातलं मर्म कळलेलं नाही. कंपनीच्या वित्तप्रमुखाला स्वतःच उभ्या केलेल्या भागीदारी संस्थांमार्फत स्वतःच्याच कंपनीशी व्यवहार करायचे होते. संहितेत ते बसत नव्हतं. मग काय, चोरून केलं? छे! संचालक मंडळाने रीतसर ठराव करून त्याला संहितेतून सूट दिली. 1999 च्या जूनमध्ये एकदा, ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा. नियम मोडणं हे अडाण्याचं काम. जाणता व्यवस्थापक नियमातच तो बाजूला ठेवायची सोय करतो आणि मग सर्वानुमते बाजूला ठेवतो.

सामाजिक जबाबदारीचा विभाग काढाल तेव्हा त्याला चांगलं बजेट द्या, उत्साही माणसं द्या, फक्त खरेदी, उत्पादन आणि विक्रीच्या बैठकांना बोलावू नका. नफा मिळवताना काय केलं हा त्यांचा विषय नाही, मिळालेल्या नफ्यातल्या चिमूटभराचं काय करायचं हा त्यांचा विषय. वृक्षारोपणाबद्दल मी काही लिहीत नाही. त्यावर विनोद करण्यात लेखकांनी जितका कागद खर्च केला, तितकी झाडं कुणी लावलेली नाहीत.

माल स्वतः बनवू नका, बनवून घ्या, आणि बनवून देणाऱ्यालाही तो दुसऱ्याकडून बनवून घेऊ द्या. ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीला 23 एप्रिल 2013 रोजी तडे दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. इमारत कोसळली आणि 1,134 माणसं गेली. ढिगाऱ्यात ज्यांची लेबलं सापडली त्यांतले काही म्हणाले की आमचा माल तिथे शिवला जातो हे आम्हाला माहीत नव्हतं. यावर मला उपरोध सुचत नाही, पुढे जाऊ.

कुणी वाईट उदाहरणं घालून देतात, त्यांच्यापासून जपा. 1982 मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरलं आणि सात माणसं मेली. विष कारखान्यात मिसळलेलं नव्हतं. काखा वर करायला याहून चांगली संधी कोणती? तरी ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या आणि 10 कोटी डॉलरहून जास्त खर्च अंगावर घेतला. म्हणे 1943 पासून त्यांच्या एका पानाच्या जाहीरनाम्यात गिऱ्हाईक पहिलं आणि भागधारक शेवटी. एक पान! चौसष्ट असती तर कुठेतरी पळवाट निघालीच असती.

आता टोपीचं सांगतो. 27 जानेवारी 1986 ची रात्र. चॅलेंजर यान दुसऱ्या दिवशी उडायचं होतं, थंडी कडाक्याची पडली होती आणि यानाची रॉकेटं बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर फोनवरून नासाला सांगत होते की 53 अंश फॅरनहाइटखाली रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांचा भरवसा नाही. नासाला हे रुचलं नाही. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्ध्या तासावर गेली. त्या अर्ध्या तासात एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. चार व्यवस्थापकांनी होकार भरला. इंजिनिअरांना मत विचारलं नाही. यान 73 सेकंद टिकलं, सातही अंतराळवीर गेले. आपल्याकडे टोपी फिरवणं आणि टोपी घालणं असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. व्यवस्थापनशास्त्राने ते एकाच हालचालीत बसवले.

पण या पद्धतीत एक खोट राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय तुम्हाला सोडणं बरं नव्हे. त्या रात्री उड्डाणाच्या जागी, केनेडी केंद्रावर, थायोकॉलचा ॲलन मॅकडोनाल्ड नावाचा माणूस हजर होता. उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायची पाळी त्याची. त्याने केली नाही, वरिष्ठाला करावी लागली. पुढच्या महिन्यात चौकशी आयोगाच्या बंद बैठकीत नासाचा अधिकारी मोघम बोलत असताना हाच माणूस मागून उठला आणि म्हणाला की आम्ही उडवू नका असं सांगितलं होतं. कंपनीने त्याची खुर्ची काढून घेतली, तर काँग्रेसच्या दबावामुळे ती परत द्यावी लागली, आणि सांधे नव्याने घडवायचं काम त्याच्याकडेच आलं.

म्हणून बैठक सुरू करण्याआधी मागच्या रांगेवर एकदा नजर फिरवत जा. आमच्याकडची ती इंजिनिअर मुलगी तिथेच बसायची. तिच्याजवळ एक निळी वही असायची. त्या वहीत माझा पहिला मसुदा घडी घालून ठेवलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं.