खुलासा: ॲना ॲटकिन्स आणि निळी छायाचित्रं

‘ॲना ॲटकिन्सने सायनोटाइपचा शोध लावला आणि कॅमेऱ्याने समुद्रशेवाळाचे फोटो काढले’ असा मजकूर फिरतोय. (ॲना ही एकोणिसाव्या शतकातली इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ; सायनोटाइप म्हणजे उन्हाने कागदावर निळी छायाचित्रं उमटवायची पद्धत.) मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, चूक माझीही आहे.

सायनोटाइप ही पद्धत इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधली. ॲनाचे वडील आणि हर्शेल यांची ओळख होती, तिथून ही पद्धत ॲनापर्यंत आली. कॅमेरा तिने या चित्रांसाठी वापरलाच नाही. लोहक्षारांचं द्रावण लावलेल्या कागदावर शेवाळ ठेवायचं, वर काच दाबायची, उन्हात धरायचं आणि मग साध्या पाण्याने धुवायचं. ऊन लागलं तिथे गडद निळा, झाकलेलं तिथे पांढरं. पुस्तकातला मजकूरही तिने हाताने लिहून असाच उतरवला!

तिचं खरं श्रेय वेगळंच आहे, आणि माझ्या मते शोधापेक्षा कमी नाही. ब्रिटिश शेवाळांवरच्या तिच्या पुस्तकाचा पहिला भाग ऑक्टोबर 1843 मधला. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून तेच ओळखलं जातं. छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक टॅल्बट यांचं छायाचित्रांचं प्रसिद्ध पुस्तक त्यानंतर, 1844 पासून निघू लागलं.

जुना मेसेज कुणाला पाठवला असेल, तर कृपया हा खुलासाही त्यांना पाठवा आणि जुना मेसेज पुढे पाठवणं थांबवा.