‘गोळ्या आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एक मेसेज आमच्या नात्यातल्या तीन ग्रुपवर फिरून आला. मजकूर थोडक्यात असा: लोकांसमोर घाबरणं हा आजार नाही, स्वभाव आहे; त्यावरच्या गोळ्यांची आयुष्यभर सवय लागते; थेरपी म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा; तेव्हा गोळ्या आजच बंद करा आणि पोराला चारचौघांत ढकला. माझ्या भाच्याने तो वाचला आणि रात्री मला विचारलं, "मावशी, उद्यापासून गोळी नको घेऊ का?" म्हणून हे लिहिते आहे.

‘स्वभाव आहे.’ बुजरा माणूस थोड्या वेळाने रुळतो. हा पोरगा तोंडी परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या फाटकावरून परत आला आणि विषय राहू दिला. त्याला अभ्यास येत होता. लोकांसमोरच्या या टोकाच्या भीतीला सोशल अँग्झायटी म्हणतात, आणि तिला आजार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात १९८० सालीच जागा मिळाली आहे.

‘सवय लागते.’ इथे दोन वेगळ्या गोळ्यांची सरमिसळ झाली आहे, आणि सगळी भीती तिथूनच येते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या तासाभरात जीव शांत करतात, पण रोज घेत राहिलं तर शरीर त्या मागू लागतं. त्यांच्याबद्दलची धास्ती रास्त आहे. भाच्याला दिलेली एस्सिटालोप्राम त्या जातीची नाही, सर्ट्रालिनही नाही. यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्यांची तलफ येत नाही. त्रास मात्र असतो, तो कशाला लपवायचा? सुरुवातीला मळमळ, बेचैनी, काहींना लैंगिक तक्रारी. पंचविशीच्या आतल्या मुलांच्या मनात सुरुवातीच्या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार तर येत नाहीत ना, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने गोळी चालू ठेवतात, मग डोस हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर येऊ शकते, झोप उडू शकते, डोक्यात करंट बसल्यासारखं होऊ शकतं. म्हणजे मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य ‘आजच बंद करा’ हेच.

‘थेरपी म्हणजे गप्पा.’ हे लिहिणाऱ्याने माझ्या भाच्याला तर्री पोह्याच्या ठेल्यावर बघायला हवं होतं. ‘एक प्लेट, तर्री जास्त’ हे चार शब्द तो मनात दहादा घोकायचा, नजर मोबाईलमध्ये घालून उभा राहायचा, आणि पोहेवाल्याने विचारलं की नुसती मान हलवायचा. थेरपिस्टने नेमकं हेच पकडलं. घोकायचं नाही, मोबाईल खिशात, नजर पोहेवाल्याच्या हाताकडे. आधी कागदावर लिहायचं: ‘आवाज कापेल, लोक हसतील.’ मग जाऊन मागायचं आणि काय घडलं तेही लिहायचं. पहिल्या दिवशी आवाज खरंच कापला. पोहेवाल्याने मान वर न करता तर्री ओतली. याला बोधात्मक वर्तन उपचार म्हणतात.

‘चारचौघांत ढकला’ यात आणि या उपचारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे पायरी तो स्वतः निवडतो. लग्नात जबरदस्तीने हातात माईक दिलेलं पोर पुढच्या लग्नाला येतच नाही.

मग गोळी की थेरपी? ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत पहिली पसंती या थेरपीला आहे. ती नको असेल तर गोळी. २०१४ साली या आजारावरच्या उपचारांच्या १०१ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा दोन्हींचा गुण दिसला. थेरपी संपल्यावर तिचा फायदा बराच टिकतो, गोळी थांबल्यावर त्रास परतण्याची शक्यता जास्त, म्हणून माझं मतही आधी थेरपी असंच आहे. पण काटोल-उमरेडहून दर आठवड्याला नागपूरला यायचं, सत्राचे पैसे भरायचे, हे सगळ्यांना झेपत नाही. कुणी इतकं गोठलेलं असतं की थेरपिस्टच्या दारापर्यंतही पोचत नाही. अशाने गोळी घेतली तर तो कमजोर ठरत नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून फुकट बोलता येतं.

भाच्याला मी त्या रात्री सांगितलं, गोळी चालू ठेव, आणि पुढच्या भेटीत हाच प्रश्न डॉक्टरांना विचार. तो मेसेज ज्या काका-मामांनी पुढे पाठवला, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: त्याच ग्रुपवर आज एवढं लिहा, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही गोळी बंद करू नये.