टायर पुरायचेच असतील, तर आराखड्याची सुरुवात आगीपासून करा

टायर जमिनीत पुरणं हा शेवटचा पर्याय आहे, हे आधीच लिहून टाकते. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशातून लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, अख्खे टायर टाकायला २००३ पासून आणि तुकडे केलेले टायर टाकायला २००६ पासून बंदी घातली. ते योग्यच झालं. पण जिथे टायरवर प्रक्रिया करणारे कारखानेच नाहीत, तिथे नुसत्या बंदीने टायर नाहीसे होत नाहीत. ते नाल्यात पडतात, उघड्या माळावर साठतात. त्यापेक्षा नीट आखलेली जागा शंभर पटींनी बरी. माझा राग आहे तो अशा जागा आखण्याच्या पद्धतीवर. घरगुती कचऱ्याचा तयार आराखडा घ्यायचा, खाली अस्तर, मध्ये कचरा, वर माती, आणि कागदावरचं फक्त नाव बदलायचं.

टायर तसा वागत नाही. अख्ख्या टायरच्या ढिगात साधारण तीन चतुर्थांश जागा नुसती पोकळी असते. रोलरने कितीही दाबा, भार हलला की रबर पुन्हा उसळी घेतं. इतर कचऱ्यात पुरलेला टायर आपल्या पोकळीत वायू धरून ठेवतो आणि हळूहळू वर सरकतो. शेवटी वरचं मातीचं आच्छादन फाडून बाहेर येतो, आणि त्या भेगेतून पावसाचं पाणी आत शिरतं. म्हणून अख्खा टायर पुरायचाच नाही, आधी तुकडे करायचे, एवढं बहुतेकांना पटलेलं असतं.

खरा घोळ तिथूनच सुरू होतो. तुकडे केले म्हणजे धोका संपला, असं समजून ते दहा-पंधरा मीटर खोल खड्ड्यात ओततात. टायरचा एक तुकडा हातात घेऊन बघा. कापलेल्या कडेतून पोलादी तारा ब्रशच्या केसांसारख्या बाहेर आलेल्या असतात. त्यांना हवा आणि ओल मिळाली की त्या गंजतात, आणि गंजताना उष्णता सुटते. रबर उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. थर जाड असेल तर आतली उष्णता आतच साचत जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९५ च्या सुमारास टायरच्या तुकड्यांचे दोन भराव रस्त्यांसाठी घातले होते, एक सुमारे ८ मीटर जाडीचा, दुसरा सुमारे १५ मीटर. दोन्ही ठिकाणी बाहेरून ठिणगी न पडताच आतून आग लागली. त्या अनुभवातून जे नियम आले त्यांचा गाभा साधा आहे: एका थराची जाडी ३ मीटरच्या वर नेऊ नका, बारीक चुरा आणि सुट्या तारा कमीत कमी ठेवा, सेंद्रिय माती तुकड्यांना लागू देऊ नका, आणि कडेने हवा-पाणी आत शिरणार नाही अशी कमी झिरपणारी माती घाला.

हे नियम बांधकामाच्या भरावांसाठी लिहिले गेले, लँडफिलला कशाला, असं मला ऐकवलं जातं. गंज दोन्हीकडे सारखाच चढतो!

आणि एकदा पेटलं तर? कॅनडातल्या हॅगर्सव्हिलला १९९० मध्ये १ कोटीहून जास्त टायर १७ दिवस जळत होते. अमेरिकेत विंचेस्टरजवळ १९८३ मध्ये लागलेली आग महिनोन्‌महिने धुमसली. दोन्ही उघडे ढीग होते, पण आगीचा स्वभाव तोच. वजनाला वजन धरलं तर टायर कोळशाहून जास्त उष्णता देतो, आणि वितळून तेल सोडतो. पाणी मारलं तर ते आतवर पोचत नाही, उलट तेल घेऊन ओढ्याकडे धावतं. अशा वेळी माती टाकून हवा तोडणं हाच बहुतेकदा कामाचा उपाय ठरतो. म्हणजे मातीचा साठा, यंत्र फिरेल एवढी वाट, जागेचे कप्पे पाडून त्यांच्यामध्ये रिकामा पट्टा, आणि आग विझवताना वाहणारं तेलकट पाणी अडवायला वेगळं तळं, या सगळ्याला नकाशावर आधीच जागा हवी. आग लागल्यावर ती कुठून आणणार?

तळाच्या अस्तराबद्दल एकच सांगते. त्याच तारा प्लास्टिकच्या अस्तराला भोक पाडतात, म्हणून मध्ये वाळूचा जाड थर हवाच. भूजलाची पातळीही तळापासून बरीच खाली हवी, कारण पाण्यात बुडालेल्या तुकड्यांतून लोह आणि मँगनीज सुटत राहतं. रबरातल्या जस्ताकडेही लक्ष ठेवावं लागतं.

माझा सगळ्यात मोठा आग्रह मात्र वेगळाच आहे. टायरचा कप्पा फक्त टायरचाच ठेवा, त्यात दुसरा कचरा मिसळू नका. उद्या प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला, तर स्वच्छ तुकडे उकरून त्याला देता येतील. ओल्या कचऱ्यात कालवलेले तुकडे कुणी घेणार नाही. कुठल्या कप्प्यात काय आणि कधी भरलं याची नोंद ठेवायची, थराच्या आत तापमान मोजणाऱ्या नळ्या पहिल्या दिवसापासून बसवायच्या, आणि जागा बंद करण्याचा खर्च दर टनामागे आधीच बाजूला काढायचा. चालवणारा पैसे संपले म्हणून निघून गेला, तर तो ढीग आसपासच्या लोकांच्याच गळ्यात पडतो.

तुमच्या भागात अशी जागा होणार असेल, तर जनसुनावणीत तीन गोष्टी विचारा: थर किती जाड आहे, मातीचा साठा कुठे आहे, आणि तापमान कोण मोजणार आहे. उत्तरं तोंडी घेऊ नका, नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा.