मोरछाप नाण्यावरील साल आणि डागाची खूण : आपल्या अभिप्रायास उत्तर

स. न. वि. वि.

आमच्याकडून घेतलेल्या, ब्रह्मदेशाच्या (आजच्या म्यानमारच्या) मिंडोन राजाच्या चांदीच्या नाण्याला आपण एक तारा दिला असून तीन आक्षेप नोंदवले आहेत. आम्ही नाणे १८६५ नंतरचे म्हणून विकले, पण त्यावरचे साल १८५२ निघते; वजन ११.३ ग्रॅमच भरते. आणि मोराच्या डोक्यावरच्या कडेला डाग लावल्याची, म्हणजे कडी झाळून जोडल्याची, खूण आहे. यावरून नाणे बनावट असल्याचे आपण लिहिले आहे.

तिसरा आक्षेप पूर्णपणे योग्य आहे. ही नाणी कडी लावून दागिन्यांत आणि बटणांसाठी सर्रास वापरली गेली आणि कडी काढली तरी डागाची खूण राहते. आमच्या छायाचित्रात कडेवर सावली पडल्यामुळे ती दिसली नाही आणि वर्णनातही तिचा उल्लेख राहून गेला. ही चूक आमची आहे.

सालाबाबत मात्र आम्ही आमच्या म्हणण्यावर ठाम आहोत. नाण्यावर ब्रह्मी शकाचे १२१४ हे वर्ष आहे. त्यात ६३८ मिळवून आपण १८५२ काढलेत तो हिशेब बरोबर आहे. पण ते वर्ष एप्रिल १८५३ पर्यंत चालते आणि मिंडोन गादीवर आला तो फेब्रुवारी १८५३ मध्ये. म्हणजे हे राज्यारोहणाचे वर्ष आहे, नाणे पाडल्याचे नव्हे. पुरावा नाण्यावरच आहे : त्यावर राजधानी म्हणून ‘रत्नपुंज’ हे मंडालेचे राजनाम कोरलेले आहे आणि मंडाले वसवायला १८५७ मध्ये सुरुवात झाली. तेथील टांकसाळ, इंग्लंडहून मागवलेल्या यंत्रांवर, १८६५ मध्ये चालू झाली. त्याआधी त्या राज्यात बहुतेक व्यवहार चांदीचे तुकडे तोलून होत असत. (रत्नागिरीकडचे ग्राहक याला ‘थिबाचे नाणे’ म्हणतात; थिबा हा रत्नागिरीत कैदेत ठेवलेला ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. साल आणि छाप थिबाच्या वडिलांची आहे, हे आम्हाला दरवेळी सांगावे लागते.)

वजनाचे म्हणाल तर, एक च्याट (ब्रह्मदेशाचे चलन) हे नाणे मुद्दाम ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या तोलाचे, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅमचे ठेवले होते. आपल्या नाण्यात सुमारे तीन टक्के घट आहे. मोराच्या छातीवरची पिसे झिजून सपाट झाली आहेत, पण पिसाऱ्याच्या कडेचे डोळे स्पष्ट आहेत. उंच भाग आधी झिजतो, हे वापरलेल्या नाण्याचे लक्षण आहे. ओतीव नकलेत सगळीच नक्षी सारखी बोथट दिसते.

आपण नाणे परत पाठवल्यास टपालखर्चासह पूर्ण रक्कम परत करू. ठेवायचे असल्यास डागाच्या खुणेपोटी किमतीचा एक चतुर्थांश भाग परत देऊ. निर्णय होईपर्यंत कृपया ते चिंचेने किंवा पावडरने घासू नये, कारण काळपट थर गेला तर आम्हालाही ते परत घेता येणार नाही.