ताजमहाल हॉटेल उलटं बांधलेलं नाही

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलबद्दल एक मेसेज पुन्हा फिरतोय: इंग्रज वास्तुविशारद आराखडा देऊन विलायतेला गेला, परत येऊन पाहतो तर इमारत उलटी बांधलेली, आणि धक्क्याने त्याने जीव दिला. यातलं काहीही खरं नाही.

मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पूर्ण होण्याआधीच मलेरियाने गेले. उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने तडीस नेलं. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं.

आता ‘उलटं’चं. पूर्वी मुख्य प्रवेश पश्चिमेला, शहराच्या बाजूने होता, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातूनच यायच्या, म्हणून दार तिकडे. समुद्राची बाजू खोल्यांसाठी राखली, म्हणजे वारा आणि बंदराचा देखावा दोन्ही पाहुण्यांना मिळाले. पुढे दार समुद्राकडे आलं आणि जुनी दर्शनी बाजू ‘मागची’ ठरली. गोष्टीला खतपाणी मिळालं ते इथेच. काहींना वाटतं की हॉटेलचं तोंड ‘गेटवेकडे’ हवं होतं. पण गेटवे ऑफ इंडियाचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला, हॉटेलनंतर तब्बल एकवीस वर्षांनी!

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या कथेत वैद्यांचं नावच पुसलं जातं आणि एका मराठी माणसाचं काम कुणा निनावी साहेबाच्या खाती जमा होतं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर वैद्य आणि मिर्झा ही दोन नावं घालून पाठवा.