पंधरा हजारांतलं इंजिन आणि पंख्याचा हूक

‘घरीच इंजिन बदला, गॅरेजवाल्याला लुटू देऊ नका’ असा एक मेसेज सध्या सोलापुरात ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मजकूर थोडक्यात असा. मारुती ८०० चं इंजिन बसलं तर भंगारातून ओम्नी, अल्टो, मिळेल त्या गाडीचं इंजिन आणा, आतून सगळी एकच. पुली हातानं फिरली की इंजिन चांगलं. गाडी विटांवर चढवा, स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला दोर बांधा, दोन पोरांनी ओढलं की इंजिन बाहेर. क्लच, सील, बेल्ट बदलणं ही गॅरेजवाल्यांची कमाई. जुनंच ऑइल गाळून टाका, रेडिएटरला नळाचं पाणी चालतं. चालू झालं की अर्धा तास फुल रेस. आरटीओचं टेन्शन नको, नव्या इंजिनावर पंच मारून जुना नंबर उठवा. खर्च पंधरा हजार, वेळ एक रविवार.

घरातल्याच एका पोरानं हे वाचून नायलॉनचा दोर विकत आणला, म्हणून हे लिहावं लागतंय.

एक गोष्ट आधी मान्य करून टाकतो. मारुती ८०० चं इंजिन अंगणात बदलता येतं. तीन सिलिंडरचं लहान इंजिन, आजूबाजूला हात घालायला जागा, वायरिंग मोजकं. मजुरीचे पैसे वाचतात हेही खरं. पण मेसेज जिथं जिथं पैसे वाचवायला सांगतो, नेमके तिथंच ते घालायचे असतात.

सगळ्यात भयंकर मुद्दा त्या हुकाचा. पंख्याचा हूक पाच-सहा किलोच्या पंख्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेला असतो. इंजिन-गिअरबॉक्सचा जोड ऑइल-पाणी काढल्यावरही एका धडधाकट माणसापेक्षा जड भरतो. तेही शांत लटकत असेल तर. प्रत्यक्षात फाउंडेशनचा, म्हणजे इंजिनाला गाडीत धरून ठेवणाऱ्या रबरी आधाराचा, शेवटचा बोल्ट निघताना इंजिन एक हिसका देतं, आणि गिअरबॉक्समधून चाकाकडं जाणारा अडकलेला साइड शाफ्ट सुटताना दुसरा. त्या क्षणी हुकावर येणारा भार वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. पत्र्याच्या शेडचा अँगल पत्र्याचा पसरलेला भार पेलायला असतो, मधोमध एका जागी इंजिन टांगायला नाही. कडूनिंबाच्या फांदीचं तर बोलायलाच नको, ती आतून पोखरलीय का हे बाहेरून दिसत नसतंय.

दोराचंही तेच. गाठ मारली की दोराची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. त्यातून नायलॉन ताणतो, म्हणजे इंजिन वरखाली झुलत राहतं आणि तुम्हाला तर फाउंडेशनचं भोक बोल्टासमोर मिलिमीटर-मिलिमीटरनं आणायचं असतं. ब्लॉकची धार लागली की दोर कापला जातो. आणि मुख्य म्हणजे दोराला ब्रेक नाही. वजन दोन पोरांच्या ऑइलनं बरबटलेल्या हातांत, आणि खाली तिसरा बोल्ट शोधत बसलेला.

चेनकप्पीला ब्रेक असतो. साखळी सोडून दिली तरी भार जागेवर थांबतो. १ टनाची चेनकप्पी भाड्यानं आणा. ती टांगायला जाड लोखंडी पाइपांचं तिकाटणं हवं. पाय पसरू नयेत म्हणून खालून तिन्ही पाय साखळीनं एकमेकांना बांधा आणि प्रत्येक पायाखाली जाड फळी घाला. इंजिनाला आकडा लावायचा तो कंपनीनं दिलेल्या उचलायच्या कड्यांना. मॅनिफोल्डला, अल्टरनेटरच्या पट्टीला नाही. दोन कड्यांना साखळी लावताना ती लांब ठेवा. दोन बाजूंमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक बाजूवर इंजिनाचं पूर्ण वजन येतं. ६० अंशांच्या आत ठेवलात तर काळजी नाही. बॉनेट उतरवायचं, इंजिन सरळ वर घ्यायचं, तिकाटणं हलवायचं नाही, गाडीच मागं ढकलायची आणि इंजिन टायरवर किंवा फळ्यांवर उतरवायचं. त्यासाठी साइड शाफ्ट फक्त गिअरबॉक्सच्या बाजूनं बाहेर काढा, चाकाकडचं टोक हबमध्ये नटासकट राहू द्या आणि चाकाला खालून धरणारा लोअर आर्म परत जोडून मगच गाडी ढकला. शाफ्ट हबमधून काढून गाडी ढकलली की चाकाचं बेअरिंग गेलंच म्हणून समजा. शाफ्ट ओढण्याआधी गिअर ऑइल काढून घ्या, नाहीतर ते अंगणभर होतं.

आता विटा. वीट आणि सिमेंटचा ठोकळा वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. गाडीसोबत मिळतो तो कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. लोखंडी घोडी, म्हणजे जॅक स्टँड, दोन्ही बाजूंना लावा. आपल्याकडं अंगणात शहाबादी फरशी असते, ती आणखी दगाबाज. खाली पोकळी असली की घोडीच्या पायाखाली किंवा जॅकच्या चाकाखाली तडकते आणि गाडी कलते. फरशीवर जाड प्लायवूड टाका. ऑइल चेंबरखाली जॅक लावायचा नाही. पत्रा आत दबतो, ऑइल ओढणारी जाळी त्याला टेकते आणि नवं बसवलेलं इंजिन ऑइलविना बेअरिंग खातं.

नंबरचा मुद्दा हुकाइतकाच अविचारी, आणि मेसेजमध्ये हसण्याची खूण टाकून लिहिलाय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. आरसीवरचा तपशील आणि गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम आणखी घट्ट केलं: कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच मॉडेलचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवायला वाट आहे: आधी आरटीओची मंजुरी, मग बदल, आणि बदल केल्यापासून १४ दिवसांत आरसीसकट नोंद. सोलापूरची एमएच-१३ असो की अकलूजची एमएच-४५, नियम एकच.

‘बघतंय कोण?’ असं विचारणाऱ्यांसाठी. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेक ८०० गाड्यांची पाळी येऊन गेलीय किंवा येतेय. घासून पुन्हा पंच मारलेली जागा सपाट आणि चकचकीत दिसते, अक्षरं वाकडी बसतात. भंगारातलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर मूळ नंबर पुसून तुम्ही स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावाच घालवलेला असतो. चोरीचा माल घेण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहेच. म्हणून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि ज्या गाडीतून ते काढलं तिच्या कागदांची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

‘सगळी इंजिनं एकच’ यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. ८०० आणि ओम्नी दोघींत एफ८बी घराण्याचं ७९६ सीसी इंजिन आहे. पण ८०० मध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली गाडीच्या लांबीच्या रेषेत बसून मागची चाकं फिरवतं. गिअरबॉक्स वेगळा, फाउंडेशन वेगळं. अल्टोचं ७९६ सीसी एफ८डी, बारा व्हॉल्वचं, इंजेक्शनवालं. कार्बोरेटरच्या गाडीत ते घालायचं तर इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, सगळं वायरिंग आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंपही हवा. यात पंधरा हजार कुठल्या कुठं जातात, आणि एवढं करूनही मंजुरी मिळत नाही.

पुली हातानं फिरली यावरून इंजिन जाम नाही एवढंच कळतं. इंजिन गिअरबॉक्ससकट घ्या. स्टार्टर गिअरबॉक्सच्या घंटेवर, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या तोंडावर, बसतो, त्यामुळं दुकानातच बॅटरी लावून कॉम्प्रेशन मोजता येतं. सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावून पाच-सहा फेरे फिरवा. तीन सिलिंडरमधला फरक दर चौरस सेंटीमीटरला १ किलोच्या आत हवा. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, चढला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की तिथूनच मागं फिरा.

सील-क्लचबद्दल फार लिहीत नाही. क्रँकचं मागचं सील हाताएवढंही नसतं, पण ते गळायला लागलं की बदलायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, दोन्ही क्रँक सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, होज पाइप, फाउंडेशनचे रबर: इंजिन बाहेर असतानाच. क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टनं मध्यावर धरूनच प्रेशर प्लेट आवळा. गिअरबॉक्स जोडताना तो शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. आणि घंटा ब्लॉकला हातानं टेकत नसेल तर बोल्टनं ओढून टेकवू नका. अॅल्युमिनियमचा कान तुटतो.

जुन्या ऑइलमध्ये कार्बन आणि धातूची भुकटी असते, गाळणीनं ती जात नाही. नवं ऑइल, नवा फिल्टर. बोअरचं पाणी आपल्याकडं पातेल्यावर पांढरा थर धरतं, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडमध्ये धरतो. मग मे महिन्यात पुणे रोडवर गाडी उकळते. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका.

फुल रेस तर अजिबात नाही. पहिल्यांदा कॉइलचं कनेक्शन काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. मग चालू करून आयडलवर ठेवा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा निघू द्या. स्टार्टर मारण्याआधी एकच गोष्ट दोनदा बघा: इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी. ती विसरली की स्टार्टरचा करंट क्लच नाहीतर अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल धूर सोडते.

आणि तो नायलॉनचा दोर वाया जायचा नाही. इंजिन कप्पीवर वर आलं की ते फिरून विंडशील्डवर आपटू नये म्हणून बाजूला उभं राहून धरायला तो लागतोच.